भाकड दिवस

दिघाशीहून नवे पोहे आले की आमच्या घरी दिवाळी लागते. हिराचा भाऊ बाळू ते पिशवीत भरतो, तोंडाला सुतळी आवळतो, भिवंडीकडे येणाऱ्या एखाद्या जीपमध्ये ठेवून देतो आणि मग फोन करतो, "भावजी, नाक्यावर जाऊन घ्या." हिरा माझी बायको. ती गेल्यालाही आता काही वर्षं झाली, पण बाळूने पोहे पाठवणं थांबवलेलं नाही आणि मी नाक्यावर जाणं थांबवलेलं नाही. यंदाही आणले. पिशवीची गाठ सोडली तसा नव्या भाताचा वास खोलीभर झाला. तळणीसाठी मोठा झारा हवा होता, म्हणून वरच्या फळीवर हात घातला. झाऱ्याच्या मागे एक कागदी चष्मा सापडला. काळ्या काचांचा, ग्रहण बघायचा.

मी तो डोळ्यांना लावून पाहिला. स्वयंपाकघरात अर्थातच काही दिसलं नाही. या चष्म्यातून सूर्याखेरीज काही दिसतच नाही, हे मीच त्या दिवशी गच्चीवर चाळीस माणसांना समजावून सांगितलं होतं.

मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भिवंडीत आम्ही राहतो त्या कामतघरात अजूनही रिक्षावाले मला सर म्हणतात आणि ते ऐकायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू. एखादी गोष्ट माहीत असली की ती सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. लग्नाच्या जेवणावळीत बसलो तरी शेजारच्याला पापड का फुगतो ते सांगायचो. हिरा मला सर म्हणत नसे, मास्तर म्हणे. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

ग्रहणावरून आमचं जुनं होतं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा दिवाळीच्या दिवसांतच एक ग्रहण आलं, सकाळचं. आम्ही दिघाशीला होतो. सासूबाईंनी पितळी परात मांडली, तिच्यात पाणी घातलं आणि मधोमध मुसळ उभं केलं. ग्रहण असेतो मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असा तिकडचा समज. सगळं घर परातीभोवती बसलेलं. मी तेव्हा गप्प राहिलो. मात्र दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ग्रहणबिहण काही नसताना, सगळ्यांना बोलावून तेच मुसळ त्याच परातीत उभं करून दाखवलं. खालची लोखंडी कडी सपाट आहे, तोल साधला की ते केव्हाही उभं राहणार, एवढं साधं होतं ते. सासूबाई म्हणाल्या, "जावाय लय शिकल्याला हाय." हिरा पदरात तोंड घालून हसत होती. मला वाटलं, तिला पटलं. पुढे सासूबाईंनी ते मुसळ तिला देऊन टाकलं, ते आमच्याबरोबर कामतघरला आलं.

आता गच्चीवरच्या त्या ग्रहणाच्या दिवाळीचं सांगतो. लक्ष्मीपूजन एका दिवशी झालं आणि पाडवा एक दिवस सोडून आला. मधली अमावास्या ग्रहणात गेली. बायका तिला भाकड दिवस म्हणत होत्या, दूध न देणाऱ्या गाईसारखा. ना सण, ना रोजचा दिवस.

हिराचं दुखणं तेव्हा वर्षाचं झालं होतं. पोटातली गाठ. औषधाच्या फेऱ्या झाल्या, केस गेले, थोडे परतही आले. दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी मला एकट्याला व्हरांड्यात गाठून सांगितलं, की औषध आता लागू पडत नाही. मी खोलीत आलो आणि तिला म्हणालो, "सुधारणा आहे." जन्मभर पोरांना दिसेल ते लिहा, मनाचं लिहू नका, असं बजावत आलेल्या माणसाने हे असं केलं. ती "बरं" म्हणाली आणि संत्र्याची साल काढू लागली. तिला माहीत होतं, हे मला माहीत होतं. तरी दोघंही दिवाळीच्या तयारीला लागलो.

वसुबारसेच्या संध्याकाळी ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "मास्तर, आवसेला सांजचं गिरान हाय ना?"

"आहे. पाचच्या सुमाराला लागेल आणि सूर्य तसाच मावळेल. सुटताना आपल्याला दिसायचा नाही." हे न विचारताच सांगितलं.

"तवा माझ्यापाशी बसा. लागल्यापासून सूर्य बुडेपर्यंत. बोलायचं हाय जरा."

"मग आत्ताच बोल की."

"आत्ता न्हाय. आत्ता तुम्ही उत्तर द्याल." मग उशी सारखी करत म्हणाली, "गिरानात माणूस कुठं जात न्हाय, काम करीत न्हाय, वादबी घालीत न्हाय. तेवढा येल मला पाहिजे."

"बसतो," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो होतो.

अमावास्येला ग्रहणाचे वेध लागले म्हणून ती पहाटेपासून उपाशी राहिली. पाण्याच्या हंड्यात, दुधात, फराळाच्या डब्यांत तुळशीची पानं टाकली. मी गोळ्यांवरून आवाज चढवणार, तोच तिने तुळशीचं पान टाकलेलं पाणी घेऊन गोळ्या गिळल्यासुद्धा. "औषधाला येध नसतात," म्हणाली. तिचं सोवळं असं सोयीचं होतं. तिने कधी पोथी लावली नाही, उपासांचं अवडंबर माजवलं नाही. सकाळी तुळशीला पाणी घालून हात जोडायची, तेही भाजीवाल्याशी बोलता बोलता.

त्या दिवशी कामतघर शांत होतं. दिवाळीच्या सुट्टीत आसपासच्या कारखान्यांतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. एरवी आमच्या भिंती चोवीस तास थरथरतात, मांडणीतल्या कपबशा किणकिणत असतात. आम्हाला त्याची इतकी सवय, की आवाज थांबला की कानांत दडे बसल्यासारखं होतं. हिरा म्हणाली, "दिघाशीसारकं वाटतं आज." मी म्हणालो, "हो ना," आणि चष्मा शोधायला लागलो.

साडेचारला मी गच्चीवर गेलो. पाच मिनिटांसाठीच. खालच्या मजल्यावरच्यांना चष्मा द्यायचा, कसा धरायचा ते सांगायचं आणि परत यायचं, एवढंच ठरवलं होतं. जाताना हिराचा बुंदीचा झारा उचलला. ती देवापाशी परात मांडत होती. "येतो हं," म्हटलं. "या," ती म्हणाली.

वर आमच्या बिल्डिंगमधले होते, शेजारच्या दोन चाळींतले होते, लूम बंद म्हणून मोकळे असलेले कामगार होते. ग्रहण लागलं तसा एकच गलका झाला. सूर्याच्या कडेला चतकोर भाकरी तोडल्यासारखी खाच पडली होती. मी झारा उन्हात धरला आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पाच-पन्नास छोटे सूर्य पडले, प्रत्येकाचा लचका तोडलेला. बायका "अगं बाई!" म्हणाल्या. "सर, परत दाखवा." "सर, हे कसं काय?" मग काय विचारता! मी पृथ्वीपासून सुरुवात केली.

शेजारच्या गाळ्यातले लूमचे मुकादम सलीमभाई आले होते. त्यांनी चष्मा लावला, दोन क्षण पाहिलं आणि परत दिला.

"बस? और देखो," मी म्हणालो.

"देख लिया सर. एक बार देखना काफ़ी है. अब मस्जिद में जाके बैठना है, गहन में दुआ माँगते हैं हमारे यहाँ." जिन्याकडे वळताना त्यांनी विचारलं, "भाभी नहीं आईं ऊपर?"

"उसकी पूजा चल रही है," मी म्हणालो. ते मान हलवून खाली गेले. आमची देवळं त्या वेळी बंद असतात आणि त्यांची मशीद भरलेली असते, हा फरक किती गमतीचा, यावरही मी उरलेल्या लोकांना दोन शब्द सांगितले.

मधेच खालून हाक आली, "मास्तर!"

"आलोच, पाच मिनिटं!" मी झारा न हलवता ओरडलो. भिंतीवरचे सूर्य हलू नयेत म्हणून.

ती हाक मला पुढे फार छळणार होती. हिरा गेल्यावर एकदा गच्चीवर कपडे वाळत घालत होतो आणि खाली घरात माझा फोन वाजत होता. तो मला ऐकूच आला नाही. वाजत होता हे शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं. तिथेच मी वाळत घालायचा टॉवेल हातात घेऊन उभा राहिलो. आमच्या घरातून गच्चीवर हाक पोचत नाही. म्हणजे त्या संध्याकाळी हिरा जिना चढून आली होती. निदान एक मजला, अठरा पायऱ्या, कठड्याला धरून, पोट सांभाळत. तेव्हा तिला मोरीपर्यंत जायला माझा हात लागायचा. तिथवर येऊन तिने एकदाच हाक मारली, माझी पाच मिनिटं ऐकली आणि तशीच उतरून गेली.

सूर्य दापोड्याच्या बाजूला, गोदामांच्या पत्र्यांमागे बुडाला. लचका तोडलेलाच बुडाला. त्या पत्र्यांखाली कधीकाळी आमची भातशेती होती, तेही मी कुणाला तरी सांगितलं. लोक पांगले तेव्हा अंधारायला लागलं होतं. मी झारा आणि चष्मा घेऊन खाली आलो, चांगलाच खुशीत.

ती देवासमोर पाटावर बसली होती. परातीतलं पाणी स्थिर होतं आणि मधे मुसळ उभं होतं. समोर आणखी एक पाट मांडलेला होता, माझ्यासाठी.

माझी खोड जाते कुठे? मी म्हणालो, "ग्रहण आहे म्हणून नाही हं उभं. उद्याही राहील."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही दाखवायच्या आधीपासून ठावं हाय. ल्हान होते तवाच कोणी नसताना उभं करून बघितलं व्हतं. रोजच उभं ऱ्हातं ते. पण रोज त्याच्यापाशी कोण बसतं? आमचा बाबा वरसभर शेतावर. गिरान आलं का मुसळ धरून आमच्यात बसायचा. तेवढाच." मग मुसळाकडे पाहत म्हणाली, "उद्या उभं राहील, पण उद्या कोण बसंल?"

मी ओशाळलो. पाटावर टेकलो. तिच्या मांडीवर माळ होती. विषय बदलायला विचारलं, "किती जप झाला?"

"कुठला जप? तुमची वाट बघत व्हते."

"बरं, बोल आता. काय बोलायचं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. गच्चीवरच्या कुणाला तरी मी काढलेला फोटो हवा होता. मी तो पाठवून मान वर केली, तर ती पाटावरून उठायचा प्रयत्न करत होती. "दमले," म्हणाली. "मुसळ राहू द्या. सूर्य सुटल्याला बघितला न्हाय अजून." ग्रहणातच मावळलेला सूर्य दुसऱ्या दिवशी मोकळा उगवलेला पाहायचा आणि मग अन्न घ्यायचं, अशी तिच्या माहेरची रीत. त्या रात्री ती नुसत्या तुळशीच्या पाण्यावर झोपली. मुसळ परातीत तसंच.

सकाळी दोन बिल्डिंगांच्या फटीतून सूर्य वर आला. मी तिला धरून खिडकीशी नेलं. तिने हात जोडले, तोंडात चिवड्याचे चार दाणे टाकले, आणि मग परातीतलं मुसळ आपल्या हाताने आडवं केलं. आंघोळ करून तिने मला पाडव्याचं ओवाळलं. निरांजन हलत होतं. मी तिच्या ताटात साडी ठेवली आणि चेष्टेने विचारलं, "आणखी काय पाहिजे राणीसरकारांना?"

"मागायची येल काल व्हती," ती हसून म्हणाली.

मीही हसलो. आज वाटतं, तिथे जरी थांबलो असतो तरी चाललं असतं. निरांजन विझेपर्यंत जरी गप्प बसलो असतो, तरी ती बोलली असती. मी चहा ठेवायला गेलो.

भाऊबीज झाली आणि तिच्या पोटात पाणी भरलं. दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर ती एकसारखी आतबाहेर होत राहिली. दिवाळीनंतर लूम पुन्हा सुरू झाले होते, भिंती थरथरत होत्या. तिला झोप लागत नसे. उशी कानावर दाबून पडायची. मी तिला दवाखाना जवळ असण्याचे फायदे समजावून सांगायचो. माघात ती गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत मी सतत काहीतरी करत होतो. सलाईनचे थेंब मोजत होतो, रिपोर्टांची फाइल लावत होतो, डॉक्टरांना शंका विचारत होतो. नर्स म्हणायच्या, सर किती करतात. बसलो मात्र कमी.

पुढच्या दिवाळीत, तेवढं एकच वर्ष, बाळूने पोहे पाठवले नाहीत, घ्यायला बोलावलं. मी दिघाशीला गेलो. भात कापून झालेलं, खळ्यावर झोडणी चाललेली. पेंढ्या आपटल्याचे आवाज, उडणारं तूस, अंगाला सुटलेली खाज, आणि तोच वास. पडवीत एक खाट होती, खळ्याकडे तोंड करून. तिच्यावर धुवट गोधडी. मी बसायला गेलो, तशी बाळूची बायको गडबडून म्हणाली, "बसा, बसा भावजी. ती ताईसाठी मांडल्याली व्हती. मंग उचलावी वाटली न्हाय."

मी बाळूकडे पाहिलं.

"ताईनं वसुबारसंला फोन केल्याला," बाळू म्हणाला. "म्हणाली, दवाखाना आता पुरं. किती दिवस हायेत ते हायेत. खळं बघत पडायचं हाय. खाट मांडून ठेव, मास्तरांना गिरानात सांगते, गिरान सुटलं का येते."

मी खाटेच्या कडेवर टेकलो. मग विचारलं, "अरे, मग मला एका शब्दाने का नाही बोललास?"

बाळूने खाली बघितलं. "आम्हाला वाटलं ताई बोलली आसंल नि तुम्हीच नको म्हणलात. तुम्ही सर, तुम्हाला जास्त कळतं."

दिघाशी काही लांब नाही. बाळूचे पोहे येतात त्या जीपने तीही गेली असती. पाडव्याला दुपारी निघालो असतो तर संध्याकाळी त्या खाटेवर असती. मी त्या खाटेवर बसून खूप रडलो. बाळूची बायको पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. खळ्यावरच्या बायकांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पेंढ्या आपटत राहिल्या.

वरातीमागून घोडं आलं म्हणतात, तसं माझं झालं. मी अजूनही ग्रहण पाळत नाही. सूर्य, चंद्र, पृथ्वी माझ्या लेखी जिथे होते तिथेच आहेत. अन्नात तुळस टाकली म्हणून काही होतं, असं मला आजही वाटत नाही. पण आधी काय आणि मग काय, याचा विचार मात्र मी म्हातारपणी करायला लागलो आहे. सलीमभाईंनी एकदा पाहिलं आणि बसायला गेले. हिराने माळ मांडीवर ठेवली आणि माणसाची वाट पाहिली. देवाला तिने दुसरी जागा दिली होती, पहिली माझ्यासाठी राखली होती. मी जन्मभर देव मानणाऱ्यांपुढे नाकाने कांदे सोलत आलो, आणि माझा स्वतःचा देव कोण, तर टाळ्या. गच्चीवरच्या चाळीस माणसांचं "सर, सर". त्याच्या पूजेत एक संध्याकाळ गेली. शिक्षा म्हणून हा विचार मी करत नाही, तो आपला येतो, विशेषतः या दिवसांत, भाताच्या वासाबरोबर.

परवा सलीमभाई नाक्यावर भेटले. दाढी पांढरी झाली आहे, काम मुलगा बघतो. म्हणाले, "सर, सुना है फिर गहन आने वाला है. छत पे चश्मा लगाएँगे ना?" खरंच एक येतंय, भर पावसाळ्यातलं. मी घरी येऊन तो चष्मा पाकिटात घातला आणि त्यांच्या मुलाकडे देऊन आलो. म्हटलं, "वर तुम्हीच दाखवा सगळ्यांना. मला त्या दिवशी खाली बसायचं आहे."

पण ते लांबचं. आज साधी अमावास्या आहे. चिवडा झाला, डबा भरून ठेवला. लूम बंद आहेत. पाच वाजता मी पितळी परात घासली, पाणी घातलं, पलंगाखालून मुसळ काढलं. पहिल्यांदा कललं. दुसऱ्यांदा उभं राहिलं. पाणी हलायचं थांबलं. दोन पाट मांडले. फोन बंद करून झाऱ्याजवळ फळीवर ठेवला.

आता सूर्य गोदामांच्या पत्र्यांकडे उतरला असेल. खिडकीतून उन्हाचा पट्टा समोरच्या रिकाम्या पाटावर आला आहे. मी बसलो आहे, हिरा. बोल. मी उत्तर देणार नाही.